पॉइंट सरकतोय: लॅपटॉपला १२५%, मॉनिटरला १००% आणि इमेजचे चुकणारे कोऑर्डिनेट

“सर, पॉइंट सरकायलाय बघा.”

दोन वर्षांत हे वाक्य मी तीनदा ऐकलं. पहिल्या दोन वेळा दुरुस्ती केली, “झालं” म्हणून सांगितलं आणि चहाला गेलो. तिसऱ्या वेळी कळलं की आधीच्या दोन्ही दुरुस्त्या म्हणजे फुटलेल्या पाइपला फडकं गुंडाळणं होतं. दोन स्क्रीन जोडून इमेजवर बिंदू टिपायचं काम ज्यांना पडतं, मग तो नकाशा असो, एक्स-रे असो की सोयाबीनच्या पानावरचा डाग, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

लातुरात औसा रोडला आमचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. काम जुन्या कागदांचं. लेआउट, गटाचे नकाशे, १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर नव्या जागी वसवलेल्या गावांच्या प्लॉटिंगच्या शीट. कागद स्कॅन करायचा, स्क्रीनवर उघडायचा, कोपऱ्याकोपऱ्यावर क्लिक करून एक्स-वाय घ्यायचे आणि त्यावरून लांबी, क्षेत्रफळ काढायचं. हे सगळं अंदाजापुरतं. सरकारी मोजणीची जागा ते घेत नाही आणि आम्ही तसा दावाही करत नाही. यासाठी पायथन आणि क्यूटी (विंडो, बटणं बनवायची तयार लायब्ररी) वापरून एक छोटा प्रोग्राम मीच लिहिला. म्हणजे पुढे जे काही बिघडलं त्याचा धनी मीच.

टेबलावर एक लॅपटॉप, स्क्रीन १९२० बाय १०८०, विंडोजने त्याला आपणहून १२५% स्केल दिलेलं. शेजारी मोठा मॉनिटर, तोही १९२० बाय १०८०, पण स्केल १००%. असा जोड बहुतेक ऑफिसांत असतो. छोट्या स्क्रीनवर अक्षरं बारीक दिसतात म्हणून विंडोज स्केल वाढवतं, मोठ्यावर गरज नसते.

आधी नुकसान किती होतं ते सांगतो, म्हणजे “चार-दोन पिक्सेलनं काय होतंय” हा प्रश्न मिटेल. १२५% स्केलवर आमचा प्रोग्राम प्रत्येक कोऑर्डिनेट ०.८ पट दाखवत होता. लांबी ०.८ पट झाली की क्षेत्रफळ ०.६४ पट होतं. ३० बाय ४० चा १२०० स्क्वेअर फुटांचा प्लॉट २४ बाय ३२ चा, म्हणजे ७६८ स्क्वेअर फुटांचा झाला. एक एकर म्हणजे ४० गुंठे. त्याचे उरले २५.६ गुंठे. आपल्याकडं धुऱ्यावरून पिढ्यान् पिढ्या भांडणं चालतात. इथं बांध कोरायला शेजारी लागलाच नाही, डिस्प्ले सेटिंगनंच कोरला.

मग ही चूक पहिल्या दिवशीच का दिसली नाही? कारण एकाच स्क्रीनवर काम केलं तर ती स्वतःला खाऊन टाकते. आमची पद्धत अशी: नकाशावरच्या स्केलपट्टीची दोन टोकं आधी टिपायची, म्हणजे किती पिक्सेलला किती फूट ते ठरतं, आणि मग प्लॉट मोजायचा. लॅपटॉपवरच पट्टी टिपली आणि लॅपटॉपवरच प्लॉट मोजला, तर दोन्ही आकडे ०.८ पट आणि भागाकार बरोबर. उत्तर चोख. गडबड होते ती पट्टी एका स्क्रीनवर आणि प्लॉट दुसऱ्यावर टिपला तर. पट्टी लॅपटॉपवर आणि प्लॉट मॉनिटरवर झाला, की तोच १२०० चा प्लॉट ३७.५ बाय ५० होऊन १८७५ स्क्वेअर फूट भरतो. मालक खूश, पण ती खुशी किती दिवसांची!

आधी चूक कोणत्या जातीची ते बघा

कोडला हात लावण्याआधी पाच मिनिटांची चाचणी करा. मी ती पहिल्या वेळी केली असती तर दोन वर्षं वाचली असती. कोणत्याही चित्र काढायच्या प्रोग्राममध्ये २००० बाय १००० पिक्सेलची पांढरी इमेज करा. तिच्यावर चार बारीक फुल्या काढा: वरच्या ओळीत १०० आणि १९०० वर, म्हणजे (१००, १००) आणि (१९००, १००), तशाच खाली (१००, ९००) आणि (१९००, ९००). ही इमेज आपल्या प्रोग्राममध्ये उघडून चारही फुल्यांवर क्लिक करा आणि आकडे कागदावर लिहा. मग विंडो दुसऱ्या स्क्रीनवर ओढून परत तेच.

एकाच फुलीवर थांबू नका. समजा डावीकडच्या फुलीला १०० ऐवजी ८० आले. हे ०.८ पटीमुळे असू शकतं किंवा २० पिक्सेल सरसकट कमी पडल्यामुळेही. त्या एका आकड्यावरून सांगता येत नाही. उजवी फुली ते सांगते. तिथं १५२० आले तर चूक पटीची आहे, स्केलिंगच्या मागे लागा. १८८० आले तर चूक सरसकट आहे. तिचा स्केलिंगशी संबंध बहुधा नाही, इमेजभोवतीची मोकळी जागा, किनार किंवा स्क्रोल हिशेबात धरायचं राहिलं असेल. टीके-इंटर, म्हणजे पायथनसोबत येणारी विंडो बनवायची लायब्ररी, वापरणाऱ्यांना हा स्क्रोलचा प्रकार नेहमी छळतो: इमेज सरकवल्यावर माऊसचा एक्स तसाच्या तसा वापरला जातो, स्क्रोल धरून जागा सांगणाऱ्या कॅनव्हास-एक्स मधून काढून घ्यायचा राहतो. उजव्या फुलीला २३७५ आले तर १.२५ ने कुठंतरी नको असताना गुणलंय. आणि एकदोन पिक्सेल इकडंतिकडं होत असतील तर तो पूर्णांक करण्याचा प्रश्न, त्याकडे शेवटी बघू.

इमेजच्या रुंदीपेक्षा मोठा कोऑर्डिनेट आला तर ते नशीबच समजा. तसला आकडा ओरडून सांगतो की चूक आहे. छोटा आलेला आकडा मात्र गप्प बसून राहतो.

डीपीआय हा एक शब्द, भानगडी चार

दुसऱ्या वेळी ही तक्रार आली तेव्हा मी बाहेरगावी होतो. ऑपरेटर ताईंनी ओळखीच्या हार्डवेअरवाल्याला फोन केला, त्यानं येऊन सांगितलं, “डीपीआयचा प्रॉब्लेम आहे.” निदान अगदी बरोबर! मग त्यानं माऊसवरचं बटण दाबून माऊसचा डीपीआय वाढवून दिला. बाण स्क्रीनभर पळायला लागला, पॉइंट चुकायचा तेवढाच चुकत राहिला.

दोष त्याचा नाही, शब्दाचा आहे. स्कॅनरचा ३०० डीपीआय म्हणजे कागदाच्या एका इंचात किती ठिपके वाचले. आडवी ए-थ्री शीट ३०० ला स्कॅन केली की ४९६१ बाय ३५०८ पिक्सेल होतात, आणि १:५०० च्या लेआउटवर असा एक पिक्सेल जमिनीवरच्या साधारण ४.२ सेंटीमीटरचा असतो. हा डीपीआय आपल्या कामाचा. प्रिंटरचा वेगळा, माऊसचा त्याहून वेगळा. आणि विंडोजचा डीपीआय हा तर निव्वळ ठरवलेला आकडा आहे: ९६ म्हणजे १००%, १२० म्हणजे १२५%, १४४ म्हणजे १५०%, १९२ म्हणजे २००%. स्क्रीनच्या खऱ्या इंचाशी त्याचं फारसं नातं नाही.

प्रोग्रामने हा आकडा किती ऐकायचा याच्याही पायऱ्या आहेत. व्हिस्टाच्या काळापासून, प्रोग्रामला स्केलिंग कळत नसेल तर विंडोज त्याला खोटंच सांगतं की सगळीकडे ९६ आहे, आणि त्याचं तयार चित्र नंतर ताणून मोठं करतं. म्हणून जुने प्रोग्राम लॅपटॉपवर धुरकट दिसतात. दुसरी पायरी, मुख्य स्क्रीनचा आकडा ऐकून तोच सगळीकडे धरणारे. तिसरी, २०१३ च्या विंडोज ८.१ पासून, प्रत्येक मॉनिटरचा वेगळा आकडा ऐकणारे. त्याचीच सुधारलेली दुसरी आवृत्ती २०१७ मध्ये विंडोज १० च्या १७०३ मध्ये आली. कोणता प्रोग्राम कोणत्या पायरीवर आहे हे टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये दिसतं. स्तंभांच्या मथळ्यावर राइट-क्लिक करून डीपीआय अवेअरनेस नावाचा स्तंभ सुरू करायचा.

गंमत अशी की धुरकट दिसणारा प्रोग्राम बहुतेक वेळा खरं बोलतो. त्याला माऊसही ९६ च्या मापात मिळतो आणि विंडोही ९६ च्याच मापात, त्यामुळे हिशेब जुळतो. खोटं बोलतो तो अर्धवट शहाणा. “या प्रोग्रामला स्केलिंग कळतं” असं विंडोजला सांगणारी एक ओळ असते. कुणीतरी “फक्त ही एक ओळ टाका, सगळं शार्प दिसेल” म्हणून सांगतं, आपण ती ओळ टाकतो, आणि प्रोग्रामचा एक भाग खऱ्या पिक्सेलमध्ये बोलायला लागतो, दुसरा जुन्याच मापात राहतो. ती ओळ टाकायचीच असेल तर पहिली विंडो उघडायच्या आधी टाका. आणि मग इमेज, माऊस, स्क्रीनशॉट या सगळ्यांचे आकडे कोणत्या मापात येतात ते एकदा तपासा.

पहिली दुरुस्ती: १.२५ ने गुणा

आता माझा गुन्हा. मोठी शीट विंडोत मावावी म्हणून ती लहान करून दाखवायची असते. लहान केल्यावर रेषा फाटक्या दिसू नयेत म्हणून मी विंडोच्या रुंदीला डिव्हाइस पिक्सेल रेशोने (स्केलचाच आकडा, १२५% ला १.२५) गुणत होतो आणि तेवढ्या खऱ्या पिक्सेलचा पिक्समॅप, म्हणजे स्क्रीनवर दाखवायचं चित्र, बनवत होतो. विंडो १००० रुंद, रेशो १.२५, म्हणजे पिक्समॅप १२५० रुंद. इथपर्यंत सगळं रीतसर.

चूक पुढच्या ओळीत. क्लिक झाल्यावर माऊसचा एक्स घ्यायचा, मूळ इमेजच्या रुंदीने गुणायचा आणि पिक्समॅपच्या रुंदीने भागायचा. साधी त्रैराशिक. पण क्यूटीत माऊसचा एक्स १००० च्या मापात येतो आणि पिक्समॅपची रुंदी विचारली की उत्तर १२५० येतं. शीटच्या उजव्या कडेला क्लिक केलं की १००० × ४९६१ ÷ १२५० = ३९६९. जवळजवळ हजार पिक्सेल गायब. १:५०० च्या शीटवर ते बेचाळीस मीटर भरतात. अंशात फूट आणि छेदात मीटर टाकण्यासारखाच हा प्रकार. शाळेत यासाठी छडी बसायची.

हाच कोड आधी दीड वर्ष बिनबोभाट चालला होता, कारण तेव्हा मी क्यूटी ५ वर होतो. तिथं हाय-डीपीआय स्केलिंग आपण सांगून सुरू करावं लागे, आणि केलं तरी १.२५ चा रेशो गोल होऊन १ व्हायचा, १.५ चा २. म्हणजे १२५% वाल्याला चूक दिसायचीच नाही. क्यूटी ६ मध्ये स्केलिंग कायम सुरू असतं आणि १.२५ जसाच्या तसा येतो. आवृत्ती बदलली आणि गाडलेलं भूत वर आलं. तुमचाही प्रोग्राम “नवीन अपडेटनंतर बिघडला” असेल, तर अपडेटला शिव्या देण्याआधी हे तपासा.

मी काय केलं? उत्तराला १.२५ ने गुणलं. आकडाच टाकला सरळ. लॅपटॉपवर काम चोख. मॉनिटरवर उजव्या कडेला ६२०१ यायला लागले. इमेज ४९६१ रुंद आणि बिंदू ६२०१ वर. पण त्या काळात मॉनिटर दुरुस्तीला गेलेला होता, म्हणून हे कळायला चार महिने लागले.

दुसरी दुरुस्ती: सुरुवातीला रेशो विचारा

मग जरा शहाणपणा केला. प्रोग्राम सुरू होताना स्क्रीनचा रेशो विचारायचा, जपून ठेवायचा आणि त्यानेच गुणायचं. लॅपटॉपवर सुरू केलं तर १.२५, मॉनिटरवर केलं तर १. दोन्हीकडे चाचणी घेतली, पास झाली. चहा झाला.

उन्हाळा आला. आमच्याकडं मे महिन्यात लाइट कधी जाईल याचा नेम नाही. इन्व्हर्टर पंखा आणि राउटरपुरता. मॉनिटर त्यावर नाही. लाइट गेली की मॉनिटर बंद पडतो, विंडोजच्या लेखी ती स्क्रीन संपते, आणि उघडी विंडो आपोआप लॅपटॉपवर येऊन पडते. ताई काम थांबवत नाहीत, लॅपटॉपची बॅटरी असतेच. चालू प्लॉटचे सात कोपरे मॉनिटरवर टिपलेले, उरलेले चार लॅपटॉपवर. प्रोग्रामच्या डोक्यात मात्र सकाळी सुरू होतानाचा रेशो १ बसलेला.

“पॉइंट सरकायलाय” या वाक्याचा खरा अर्थ मला इथं कळला. ताईंना काय दिसत होतं? लाइट जाण्याआधी टिपलेल्या सगळ्या फुल्या उजवीकडे-खाली सरकलेल्या, आणि आत्ता टिपलेल्या नव्या फुल्या बाणाच्या टोकाखाली बरोबर बसलेल्या. साहजिकच त्यांनी जुन्या फुल्या पुसून त्या परत टिपल्या. मीही तेच केलं असतं.

पण प्रत्यक्ष होतं उलटं. सरकलेल्या दिसणाऱ्या जुन्या फुल्या खऱ्या होत्या, कारण त्या रेशो बरोबर असताना टिपल्या. त्या आता चुकीच्या सूत्राने काढल्या जात होत्या, म्हणून १.२५ पट लांब दिसत होत्या. नव्या फुल्या चुकीच्या सूत्राने टिपल्या आणि त्याच चुकीच्या सूत्राने उलट काढल्या, म्हणून जागेवर दिसत होत्या. टिपताना ०.८ ने आत आल्या, काढताना १.२५ ने बाहेर गेल्या. डोळ्याला सगळं ठीक, फाइलमध्ये सगळं खोटं. म्हणजे चांगला माल पुसून खोटा भरला जात होता.

म्हणून “फुली बाणाखाली पडते ना, मग बरोबर” ही तपासणी बाद समजा. जाण्या-येण्याला एकच सूत्र वापरलं की फुली नेहमी बाणाखालीच पडते. खरी तपासणी आकड्याचीच, आणि तीही माहीत असलेल्या फुलीवर.

तिसरी: रेशो सूत्रातून काढूनच टाका

शेवटी बसून कागदावर लिहिलं तेव्हा लक्षात आलं की या हिशेबात रेशोचं काही कामच नाही. इमेजमधला एक्स म्हणजे, दाखवलेल्या इमेजच्या किती टक्क्यांवर माऊस आहे, त्याला मूळ रुंदीने गुणलं, एवढंच. माऊसचा एक्स आणि दाखवलेली रुंदी, दोन्ही एकाच मापात असले की टक्का बरोबर येतो. मग ते माप स्क्रीनचं असो, विंडोचं असो की सोनाराच्या तराजूचं.

क्यूटीत माऊस लॉजिकल मापात, म्हणजे वरच्या उदाहरणातल्या १००० च्या मापात, येतो, म्हणून दाखवलेली रुंदीही लॉजिकल मापात हवी. पिक्समॅपची रुंदी त्याच्या स्वतःच्या रेशोने भागा, किंवा क्यूटी ६.२ पासून पुढे डिव्हाइस-इंडिपेंडंट साइझ विचारा, तेच उत्तर मिळतं. इथं “त्याच्या स्वतःच्या” हे शब्द महत्त्वाचे. स्क्रीनचा रेशो विचारू नका, पिक्समॅपला विचारा. विंडो दुसऱ्या स्क्रीनवर गेली आणि पिक्समॅप अजून जुनाच असला, तरी तो ज्या रेशोने बनला तो त्याला ठाऊक असतो. फार तर इमेज क्षणभर धुरकट दिसेल, कोऑर्डिनेट चुकणार नाही. बिघडायचंच असेल तर दिसण्यात बिघडावं, आकड्यात नको.

पिक्समॅप नव्या स्क्रीनसाठी नव्याने बनवायला मात्र खूण लागते. क्यूटी ६.६ पासून डिव्हाइस पिक्सेल रेशो बदलल्याची वेगळी इव्हेंट मिळते. त्याआधीच्या आवृत्तीत विंडो हँडलचा स्क्रीन चेंज्ड हा सिग्नल जोडा. विंडो दाखवायच्या आधी तो हँडल रिकामा असतो. माझा एक अख्खा दुपारचा वेळ त्यात गेला.

नवीन प्रोग्राम लिहीत असाल तर ही सगळी कसरत टाळा आणि क्यूटीतला तयार ग्राफिक्स व्ह्यू वापरा. त्यात सीन म्हणजे चित्र ठेवायचा कागद आणि व्ह्यू म्हणजे तो बघायची खिडकी. मूळ इमेज सीनमध्ये जशीच्या तशी ठेवायची, सीनचं एक एकक म्हणजे इमेजचा एक पिक्सेल. लहान-मोठं करणं, सरकवणं, फिरवणं व्ह्यूकडे सोपवायचं आणि क्लिक झाला की मॅप-टू-सीन करून घ्यायचं. एक बारीक खोच आहे: मॅप-टू-सीन पूर्णांकातला बिंदू घेतं. मोठी शीट लहान करून बघत असाल तर तेवढ्यातच तीनचार पिक्सेल जातात. व्ह्यूपोर्ट ट्रान्सफॉर्म उलटा करून त्यातून दशांशातला बिंदू काढला तर हे वाचतं. तरी नेमकं टिपायचं असेल तर झूम करूनच टिपा, त्याला पर्याय नाही.

अख्ख्या डेस्कटॉपवरची माऊसची जागा या हिशेबात कुठंही वापरू नका. आमचा मॉनिटर लॅपटॉपच्या डाव्या हाताला आहे, कारण प्लगचा बोर्ड तिकडं आहे. विंडोजमध्ये मुख्य स्क्रीनचा वरचा डावा कोपरा शून्य धरतात, म्हणून डावीकडच्या स्क्रीनवर एक्स उणे येतो. माझ्या भिंगाच्या खिडकीत “उणे आलं तर शून्य कर” अशी एक ओळ होती. ते भिंग मॉनिटरवर कधी उघडायचंच नाही. शिवाय क्यूटीच्या मापात लॅपटॉपची १९२० ची स्क्रीन १५३६ ची होते, पण उजवीकडे दुसरी स्क्रीन असेल तर ती १९२० पासूनच सुरू होते. मधली पट्टी कुणाचीच नाही. त्यावर गणित मांडलं की ते अधांतरी लटकतं.

ब्राउझरमध्ये करत असाल तर

तिथंही हाच रोग, औषधही हेच. क्लायंट-एक्स (माऊसचा एक्स) मधून इमेजच्या चौकटीची डावी कड वजा करा, नॅचरल विड्थने (इमेजच्या मूळ रुंदीने) गुणा, चौकटीच्या रुंदीने भागा. डिव्हाइस पिक्सेल रेशोला बोलावूच नका. इमेजला किनार किंवा पॅडिंग दिलेलं असेल तर ते काढून टाका, बाहेरच्या डिव्हला द्या. इमेज चौकटीत मावेल तशी बसवणारं ऑब्जेक्ट-फिट कंटेन लावलं असेल तर इमेजच्या बाजूला उरलेली मोकळी पट्टीही चौकटीत मोजली जाते, ती वजा करावी लागते. कॅनव्हासवर काढत असाल तर कॅनव्हासची स्वतःची रुंदी वेगळी आणि सीएसएसने दिलेली रुंदी वेगळी, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे.

प्रोग्राम दुसऱ्याचा असेल तर

कोड हातात नाही, फक्त तयार प्रोग्राम आहे, अशांनी आधी सोपा उपाय करावा: सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्लेमध्ये जाऊन दोन्ही स्क्रीनला एकच स्केल द्या आणि प्रोग्राम बंद करून परत उघडा. लॅपटॉपवर अक्षरं बारीक होतील, चष्मेवाल्यांची कुरकूर होईल. ते चालत नसेल तर प्रोग्रामच्या फाइलवर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज. तिथं ओव्हरराइडवर टिक करून सिस्टीम निवडा. प्रोग्राम धुरकट होईल, पण बहुधा खरं बोलायला लागेल. त्यानंतर चार फुल्यांची चाचणी परत घ्या, टिक केली म्हणून झालं असं धरू नका. आणि काहीही झालं तरी स्केलपट्टी आणि मोजमाप एकाच स्क्रीनवर, एका बैठकीत उरका.

बिघडलेल्या जुन्या फाइलींचं काय

हा सगळ्यात कंटाळवाणा भाग. आमचं नशीब एवढंच की प्रत्येक शीटच्या चौकटीचे चार कोपरे आधी टिपायची सवय होती. चौकटीची खरी जागा स्कॅनवरून माहीत, फाइलमधली जागा समोर, भागाकार ०.८ आला की पूर्ण फाइल १.२५ ने गुणून मोकळं. इमेज विंडोच्या वरच्या डाव्या कोपऱ्याला चिकटून दाखवत होतो म्हणून नुसता गुणाकार पुरला. तुम्ही ती मध्यभागी दाखवत असाल तर बाजूची जागाही हिशेबात धरावी लागेल.

अर्धवट बदललेल्या फाइली अवघड गेल्या. प्रत्येक बिंदूसोबत वेळ लिहिलेली होती. सलग टिपताना दोन बिंदूंत चारपाच सेकंद जातात. जिथं मध्येच दीडदोन मिनिटांची फट दिसली तिथं लाइट गेली असं धरलं आणि पुढचे बिंदू वेगळे तपासले. तरी अकरा शीट अशा निघाल्या की कोणता बिंदू खरा ते ठरेना. त्या परत टिपल्या. अंदाजानं ओढूनताणून जुळवण्यापेक्षा ते बरं.

आता फाइलमध्ये फक्त इमेजच्या पिक्सेलमधले कोऑर्डिनेट जातात आणि इमेजची रुंदी-उंची जाते. त्या वेळचा रेशोही लिहितो, पण तो नुसता साक्षीदार. हिशेबात त्याला घेत नाही. राहिला एकदोन पिक्सेलचा प्रश्न. पिक्सेलचा क्रमांक हवा असेल तर दशांश खाली उतरवा, गोल करू नका, नाहीतर पिक्सेलच्या उजव्या अर्ध्यातला क्लिक शेजाऱ्याच्या खात्यात जातो. क्षेत्रफळ काढायचं असेल तर दशांश तसाच ठेवा.

दुसरा मॉनिटर नसेल तरी चाचणी घेता येते. क्यूटीसाठी क्यूटी स्केल फॅक्टर हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १.२५ करून प्रोग्राम चालवा. ब्राउझरमध्ये कंट्रोल-अधिक दाबून झूम १२५% करा, रेशो तसाच बदलतो. विंडो एका स्क्रीनवरून दुसरीवर जाते तेव्हाची गंमत मात्र दोन स्क्रीनशिवाय कळत नाही. आमच्याकडं त्याची सोय झालीय. नवीन आवृत्ती दिली की ताई चार फुल्यांची इमेज उघडतात, दोन फुल्या टिपतात, हात लांबवून मॉनिटरचा प्लग काढतात आणि उरलेल्या दोन लॅपटॉपवर टिपतात. मग आकडे मला वाचून दाखवतात. १९०० ला १९०० आले तरच प्लग परत बसतो.